हिवाळी आच्छादन पीक घेताना या चुका टाळा

मुख्य पीक निघाल्यावर रान उघडे राहिले की पाऊस-वारा वरची कसदार माती नेतो आणि उरलेले नत्र झिरपून जाते. आच्छादन पीक, म्हणजे विकण्यासाठी नव्हे तर रान झाकण्यासाठी घेतलेले पीक, हे दोन्ही थांबवते. पण "विकायचे थोडेच आहे" म्हणून पेरणीत हयगय होते आणि ते मोडायची (पुढच्या पिकाआधी वाढ थांबवून मातीत कुजवायची) वेळही चुकते. बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन टोकांनाच सापडते.

पहिली चूक उशिराची. व्हेच, क्लोव्हर ही द्विदल पिके कडक थंडीच्या निदान चार ते सहा आठवडे आधी पेरलेली हवीत. नाहीतर माती गोठते-सुटते तशी कोवळी रोपे मुळासकट वर येतात. वेळ टळलीच असेल तर द्विदलाचा हट्ट सोडा आणि राय हे गव्हासारखे तृणधान्य पेरा. माती 3-4 अंश सेल्सिअसवर असली तरी ते उगवते.

उगवण विरळ झाली तर आधी खोली तपासा. क्लोव्हरचे बारीक बी एक सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ नये; राय आणि व्हेचला अडीच-तीन सेंटीमीटर लागतात. मिश्रण एकाच खोलीवर पेरले की हमखास एकाचा बळी जातो. आधीच्या पिकावर मारलेल्या तणनाशकाचा अंशही उगवण मारतो, म्हणून लेबलवरचा पुढील पिकासाठीचा कालावधी वाचाच.

द्विदल पिवळे पडले? रोप हळूच उपटून मुळावरची गाठ फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर नत्र जमा होते आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. बीजप्रक्रिया करताना पिकाचा रायझोबियम (मुळावरच्या गाठीत नत्र जमा करणारा जिवाणू) पाहून घ्या: व्हेच आणि वाटाण्याचा एकच चालतो, पण तो क्लोव्हरला उपयोगी नाही.

सर्वात महागात पडते ते मोडणीतले चुकणे. भरपूर पाला मिळावा म्हणून राय उभी ठेवली जाते आणि मागून आलेला मका पिवळा पडतो. कोवळ्या रायमध्ये कर्ब-नत्र प्रमाण साधारण 25:1 असते, वाळक्या काडात ते 80:1 च्या पुढे जाते. असे काड कुजवायला जिवाणू मातीतलेच नत्र ओढतात. म्हणून मक्याआधी राय गुडघ्याएवढी होण्यापूर्वी मोडा, मग 10 ते 14 दिवस थांबा. नत्राची ओढ कमी करायची तर तिच्यासोबत व्हेच पेरणे मला सर्वात भरवशाचे वाटते. व्हेच मात्र फुलोऱ्यातच मोडा. बी धरू दिले तर त्याचे कठीण कवचाचे बी पुढे कित्येक वर्षे गव्हात तण म्हणून उगवत राहते.

रोलरने दाबून मोडायचे असेल तर हिशेब उलटा: राय फुलोऱ्यात यायलाच हवी, त्याआधी दाबली तर पुन्हा उभी राहते. जमिनीत ओल कमी असेल तर तेवढे थांबू नका, कारण उभे पीक पुढच्या पिकाचेच पाणी पिते. आणि वाफसा नसताना, म्हणजे माती कामाजोगी सुकलेली नसताना, ट्रॅक्टर घालू नका; चाकाखाली माती दबली तर मुळांनी केलेली पोकळी तिथेच बुजते.