बिल भरायच्या आधी: धर्मादाय रुग्णालयातली मदत कशी मिळवायची

ऑपरेशनचा आकडा कळला की घरचे लोक आधी सोनं मोडतात, उसनवारी करतात, बिल चुकतं करतात आणि मग मदत देणाऱ्या ट्रस्टच्या दारात जातात. क्रम उलटा हवा. ट्रस्ट सहसा रोख देत नाही, चेक रुग्णालयाच्या नावाने काढतो. भरून झालेल्या बिलासाठी चेक मिळणं जवळपास अशक्यच.

रुग्णालय धर्मादाय, म्हणजे ट्रस्टने चालवलेलं, आहे का, हे पहिल्यांदा विचारा. चकचकीत लॉबीवरून अंदाज बांधू नका. मुंबई-पुण्यातली बरीच नावाजलेली रुग्णालयं ट्रस्टचीच आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. खर्च येतो तो निर्धन रुग्ण निधीतून, म्हणजे बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून बाजूला काढलेल्या २ टक्क्यांतून. त्यामुळेच 'निधी संपलाय' हे उत्तर कधी खरं असतं, कधी सबब. दोन्ही वेळा ते लेखी मागा आणि तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात अर्ज द्या. तातडीचा रुग्ण असेल तर डिपॉझिटसाठी दाखल करणं अडवता येत नाही.

भेटायचं ते मेडिकल सोशल वर्करला, म्हणजे रुग्णांच्या मदतीचं काम पाहणाऱ्या रुग्णालयातल्याच माणसाला, बिलिंग काउंटरला नव्हे. तेही दाखल होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर हातात फारसं काही उरत नाही. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार ठेवा. घोळ बहुतेक दाखल्यातच होतो: मुदत संपलेली असते, किंवा रेशनकार्डावर 'सुमन' आणि आधारवर 'सुमनबाई'. दाखला निघायला आठ-पंधरा दिवस सहज जातात, म्हणून रुग्ण दाखल असतानाच एकाने सेतू केंद्र गाठावं. निर्धन किंवा दुर्बल ठरण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते. चालू आकडा सोशल वर्करकडून घ्या. आणि स्वतंत्र खोली घेऊ नका. सवलत जनरल वॉर्डाची आहे, खोली घेतली की दावा तिथेच लंगडा होतो.

तरीही रक्कम कमी पडली तर बाहेरचे ट्रस्ट आहेत. सिद्धिविनायक न्यासासारखी देवस्थानंही वैद्यकीय मदत देतात. एकच ट्रस्ट सगळा भार क्वचितच उचलतो, म्हणून तीन-चार ठिकाणी अर्ज करावे लागतात. प्रत्येक अर्जाला रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं, सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक जोडा. साध्या कागदावरचा आकडा कुणी धरत नाही. अर्जात हिशेब उघडा मांडा. समजा अंदाज ३,००,००० चा आहे, घरचे ६०,०००, एका ट्रस्टकडून मंजूर २५,०००, तर उरले २,१५,०००. दुसऱ्या ट्रस्टची मदत लपवली आणि नंतर कळली, तर मंजूर झालेलीही अडकते. मंजुरीपत्र हातात आलं की त्याच दिवशी सोशल वर्करकडे द्या. चेकची मुदत तीन महिने, आणि रुग्ण घरी गेला तर चेक बऱ्याचदा ट्रस्टकडे परत जातो.

वॉर्डाबाहेर 'मदत मिळवून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारे भेटतील. अर्ज फुकट असतो, त्यांना काहीही देऊ नका.