कोकणातल्या गाडीला टर्बो: मॅनिफोल्डपासून ऑइलच्या परतीच्या नळीपर्यंत

टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराने फिरून इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, बसवायचा म्हटलं की पोरं पहिल्यांदा विचारतात, "बूस्ट किती ठेवायचा?" बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. अर्धा बार, आणि तोही लोखंडाचं काम मनासारखं झाल्यावर. रत्नागिरीत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरचे एक्झॉस्ट बनवणं हा रोजचा धंदा, त्यातूनच गाड्यांची कामं येऊ लागली. खारी हवा धातूचं काय करते ते रोज डोळ्यांसमोर असतं, म्हणून नेटवर वाचलेलं पुण्या-मुंबईचं सेटअप जसंच्या तसं इथे उतरवू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

आधी कागदाचं बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. असं काम हातात घेण्याआधी आरटीओत जाऊन विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. परवानगी मिळत नसेल तर ती गाडी ट्रॅकपुरती ठेवा. अपघात झाल्यावर हे प्रश्न निघाले तर फार उशीर झालेला असतो.

उदाहरणाला जुनी बलेनो घेऊ. १५९० सीसी, कंपनीतून ९४ एचपीच्या आसपास. ६५०० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला साधारण ४,४०० लिटर हवा ओढतं. अर्धा बार बूस्ट म्हणजे दाब दीडपट. हवा तापून विरळ होते तेवढी वजा केली तर मिनिटाला सात किलोच्या आसपास हवा आत जाते. अर्ध्या किलोला दहा एचपी हा ढोबळ हिशोब धरा, म्हणजे १४० एचपीच्या घरात पोचता. एवढ्यासाठी टीडी०४एल वर्गातला पेट्रोल गाडीचा टर्बो भरपूर झाला. डिझेल स्विफ्टचा टर्बो स्वस्तात मिळतो म्हणून तो उचलू नका. या इंजिनाला तो लहान पडतो, शिवाय पेट्रोलचा धूर ९०० अंशांच्या वर जातो आणि डिझेलच्या टर्बाइनला एवढ्या उष्णतेची सवय नसते.

आता मॅनिफोल्ड, म्हणजे चारही सिलेंडरचा धूर गोळा करून टर्बोकडे नेणारे पाइप. पातळ पाइपचे लांबलचक वळणदार मॅनिफोल्ड फोटोत देखणे दिसतात, पण त्याच्या टोकाला पाच-सहा किलोचा टर्बो लटकणार आहे. मी सव्वा इंची, शेड्यूल १०चे एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४चे वेल्ड बेंड वापरतो. भिंत २.७७ मिमी, आतला व्यास साडेछत्तीस मिमी, या इंजिनाला अगदी योग्य. बजेट असेल तर ३१६ घ्या, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. हेडकडची फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळायची चपटी पट्टी, १२ मिमी जाडीची, लेझरवर कापून आणा. कापायला द्यायचा नकाशा गॅस्केटवरून काढा, आणि पोर्ट गॅस्केटच्या भोकापेक्षा किंचित मोठं राहील असं बघा.

वेल्डिंग करताना फ्लँज कधीही सुटी ठेवू नका. भंगारातलं हेड मिळालं तर उत्तम, नाहीतर २० मिमीच्या प्लेटवर भोकं पाडून फ्लँज बोल्टांनी आवळून घ्या. सगळे पाइप आधी फक्त टॅक करायचे, म्हणजे जागोजागी थेंबाएवढं वेल्ड मारून धरायचे. मग गाडीवर चढवून बघायचं: बॉनेट बंद होतं का, रेडिएटरच्या पंख्याला जागा राहते का, स्टिअरिंगच्या रॉडला उष्णता लागेल का, बोल्टांवर पाना बसतो का. हे सगळं जमलं की मगच पूर्ण वेल्ड. एका पाइपवर थोडं, मग दुसऱ्या टोकाच्या पाइपवर थोडं, असं फिरत राहा. ३०४ हे साध्या लोखंडापेक्षा दीडपट प्रसरण पावतं, घाई केली तर फ्लँज केळ्यासारखी वाकते. काम झालं की पूर्ण थंड होऊ द्या, मग फ्लँजचा चेहरा मशीनवर सपाट करून घ्या. रत्नागिरीत सोय नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम सहज होतं.

टिग वेल्डिंग करताना आर्गॉन वायू बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून हवा. पाइपची तोंडं पत्र्याने किंवा फॉइलने बंद करून आत चार-पाच लिटरचा हलका प्रवाह सोडा. नाहीतर आतल्या बाजूला काळी खरखरीत साखर जमते, तिचे कण पुढे उडून टर्बाइनवर आदळतात. फिलर ईआर३०८एल, आणि एसएसला साधं लोखंड जोडायचं असेल तिथे ईआर३०९एल. दुपारी समुद्राचा वारा सुटला की शटर अर्धं ओढून घ्यायचं आणि पंखा बंद करायचा, घाम आला तरी चालेल. वेल्डचा रंग बघत जा. पिवळसर सोनेरी ते फिका निळा आला तर काम बरोबर, राखाडी आला तर गॅस उडतोय. साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश एसएसला लावायचा नाही. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पहिल्याच पावसात तिथे तांबडे ठिपके उमटतात.

वेस्टगेट म्हणजे जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप. तिचा पाइप चारही सिलेंडरचा धूर एकत्र येतो तिथूनच निघाला पाहिजे, आणि सरळ रेषेत. काटकोनात काढला की धूर तिकडे वळायला तयार होत नाही आणि वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जातो. टर्बोला इंजिन ब्लॉकवरून एक आधार द्या, पण त्याचं भोक लांबट ठेवा, म्हणजे तापल्यावर मॅनिफोल्डला हलायला जागा राहील. मॅनिफोल्डचे तडे टाळण्यात या एका पट्टीचा वाटा सगळ्यात मोठा आहे. टर्बोतून धूर बाहेर नेणारा खालचा डाउनपाइप ६३ मिमीचा, मध्ये लवचिक बेलो टाकून.

पाइपभोवती गुंडाळायच्या हीट रॅपला माझा ठाम विरोध आहे. कोरड्या मुलखात ठीक असेल. इथे ती पट्टी खारी ओल धरून ठेवते आणि आत पाइप कुजतो, बाहेरून काही दिसत नाही. त्याऐवजी पत्र्याची दुहेरी शील्ड करा, मध्ये बोटभर हवा सोडा. खालूनही एक पत्रा हवाच, कारण लालभडक मॅनिफोल्डवर डबक्याचं पाणी उडालं की तडा गेलाच समजा.

ऑइलच्या बाबतीत तडजोड नको. आत येणारी नळी बारीक, चार मिमी पुरे. परतीची मात्र जाड, किमान १६ मिमी, आणि सतत उताराची. टर्बोतून तेल स्वतःच्या वजनाने खाली पडतं, दाबाने नाही. नळीला मध्ये पोट आलं किंवा चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) ती तेलाच्या पातळीखाली जोडली, तर तेल तुंबतं, सीलमधून गळतं आणि सायलेन्सर निळा धूर ओकू लागतो. लोक मग टर्बोला शिव्या देतात. चेंबर उतरवा, पातळीच्या वर भोक पाडा, बंग (नळी जोडायचं तोंड) वेल्ड करा, रॉकेल भरून गळती तपासा. मग चेंबर धुऊन-पुसून अगदी कोरडं करून बसवा.

अर्धा बारला बाहेरची ३२ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून ८५च्या आसपास तापून निघते, म्हणून ती गार करणारा इंटरकूलर हवाच. तो ॲल्युमिनियमचा असतो, स्टीलच्या बोल्टाखाली रबराचे वायसर घाला. दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियमची पांढरी पूड होते. एअर फिल्टर बंपरमागे खाली लावायची फॅशन आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणचं काय झालं ते आठवा. तेवढा पूर सोडा, साध्या पावसात तुंबलेल्या रस्त्यावरूनही फिल्टर पाणी ओढू शकतो, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. फिल्टर हेडलाइटच्या उंचीवर, पत्र्याच्या डब्यात.

ट्यूनिंग जाणकाराकडूनच करून घ्या. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा मूळ मॅप सेन्सर बूस्ट वाचू शकत नाही, दोन बारचा किंवा त्याहून मोठा लागतो. इंजेक्टर ३३० सीसीच्या आसपासचे घ्या, कारण पंपावरच्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला तसंही जास्त इंधन लागतं. त्याच कारणाने हवा-इंधनाच्या प्रमाणाचा १४.७चा जुना आकडा धरून बसू नका, वाइडबँड सेन्सरवर लॅम्डा बघा (१ म्हणजे हवेला नेमकं पुरेल एवढं इंधन, त्याखाली म्हणजे जास्त इंधन): पूर्ण बूस्टला ०.८०च्या खालीच. प्लग एक नंबर थंड, गॅप ०.७ मिमी. थोडं जरी नॉकिंग (इंजिनात ठोकल्यासारखा आवाज) ऐकू आलं तर इग्निशनचं टायमिंग मागे घ्या.

पहिल्यांदा चालू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर मारत राहा, थांबत थांबत, तेलाचा दिवा विझेपर्यंत. टर्बो कोरडा फिरता कामा नये. मग आयडलवर तापवा, बंद करा, पूर्ण थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे सगळे नट पुन्हा आवळा. पहिल्या आठवड्यात हे दोन-तीनदा करा. दर पावसाळा संपला की खालची शील्ड उतरवून बेलो, आधाराची पट्टी आणि परतीची नळी हाताने चाचपून बघा.