बेहड्याचं बी: एकाच झाडाखाली गोणी भरू नका

पौष-माघात भोर-वेल्ह्याकडच्या रानात एखादा बेहडा असा लगडलेला भेटतो की खाली पाय ठेवायला जागा नसते. तासाभरात गोणी भरते, आणि तिथंच घोटाळा होतो. वाफ्यातली सगळी रोपं एकाच आईची लेकरं!

माझ्या रोपवाटिकेत कुणी बी विकायला आलं की मी आधी विचारते, किती झाडांखालचं? 'वीस' म्हणाले तरी माझं समाधान होत नाही. समजा 20 झाडांचं बी आणलं, पण निम्मं एकाच झाडाचं आणि उरलेलं निम्मं 19 झाडांचं सारखं. त्यातल्या कुठल्याही दोन बिया एकाच आईच्या निघायची शक्यता हिशेबानं साधारण चारात एक, म्हणजे ते जेमतेम 4 झाडांकडून सारखं बी आणल्यासारखं होतं. रानात असंच चालतं: काही झाडं भरभरून फळतात, बाकीची मूठभर. आपण भरभरून फळणारं पाहून हुरळतो.

म्हणून फळं पिकायच्या आधीच फेरी मारून 25-30 झाडं हेरून ठेवा. दोन झाडांत निदान 100 मीटर अंतर हवं, कारण शेजारशेजारची झाडं बहुधा एकमेकांची भावंडं असतात. बांधावरचं एकटं झाड टाळा. त्याला परागकण स्वतःचेच, फार तर एखाद्या शेजाऱ्याचे मिळतात. ज्या वर्षी दोनचारच झाडं फळली असतील, त्या वर्षी सरळ थांबावं, असं माझं मत. वनखात्याची परवानगी आधी घ्या.

दर झाडाची पिशवी वेगळी ठेवा, आत झाडाच्या क्रमांकाची चिठ्ठी. झाडामागे 200 फळं म्हणजे 200च. लगडलेल्या झाडाखालीही हात आवरा. कीड लागलेली, भोक पडलेली फळं तिथंच टाका. घरी गर काढून बी दिवसभर भिजवा आणि पिशवीनुसार वेगवेगळ्या ओळींत पेरा. उगवण कमीजास्त होतेच, मग रोपं वाफ्यातून काढून दुसरीकडे लावताना प्रत्येक ओळीतून सारखीच घ्या. नुसती उंच रोपं निवडलीत तर इतकी पायपीट वाया!

बेहड्याखेरीज दुसऱ्या झाडांचं बी गोळा करताना फळ न धरणारं झाड मात्र वांझ समजू नका. कोकमाची कित्येक झाडं नर असतात. फळ मादीवर दिसतं, बाप शेजारी उभा असतो. त्याला तोडू नका.

रोपं विकायला काढताना सगळ्या ओळींची सरमिसळ करा.