घरातील कॅसेट्स फ्लॅकमध्ये जतन करताना

आमच्या आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची साठ मिनिटांची एक कॅसेट घरात होती. काही वर्षांपूर्वी शहरातील एका दुकानातून तिची डिजिटल प्रत करून घेतली, तेव्हा हाती आली ती ६४ केबीपीएसची, म्हणजे फार दाबलेली, एमपीथ्री फाइल. ओव्यांचे शब्द तिच्यात कळत होते, जात्याची घरघरही होती. पण दळताना आत्याच्या बांगड्या ज्या लयीत किणकिणत, ती किणकिण जवळजवळ नाहीशी झाली होती. सुदैवाने कॅसेट परत मिळाली होती, म्हणून ते काम मी घरी पुन्हा केले. सोलापुरातील अनेक घरांत मराठी, कन्नड आणि तेलुगू गाण्यांच्या, कीर्तनांच्या आणि घरगुती बोलण्याच्या अशा कॅसेट्स कपाटात पडून आहेत. त्यांची पहिली प्रत फ्लॅक या ध्वनिफाइलीच्या प्रकारातच करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि ती कशी करावी हे पुढे दिले आहे.

एमपीथ्री कानाला कमी जाणवेल असा भाग वगळून फाइल लहान करते, आणि वगळलेला भाग पुन्हा मिळत नाही. फ्लॅक, म्हणजे ‘फ्री लॉसलेस ऑडिओ कोडेक’, काहीही वगळत नाही. फाइल उलगडली की मूळ अंक जसेच्या तसे परत येतात. जोश कोल्सन यांनी २००० साली त्याचे काम सुरू केले, २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने त्याची रचना आरएफसी ९६३९ या क्रमांकाने प्रसिद्ध केली. जतनाच्या दृष्टीने ही गोष्ट फार मोलाची आहे, कारण संपूर्ण रचना खुलेपणाने लिहून ठेवलेली असल्याने उद्या आजची एकही आज्ञावली उरली नाही, तरी तो दस्तऐवज वाचून कोणीही नवी लिहू शकेल.

खरी मेहनत मात्र फ्लॅकच्या आधीची असते. टेपरेकॉर्डरचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे. आपल्याकडील धुळीमुळे बोळा पहिल्याच पुसण्यात तपकिरी होतो, तो स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहावे. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याच्या आणि आपल्या यंत्राच्या हेडचा कोन जुळत नसेल, तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका लागतो. अशा वेळी कॅसेट चालू ठेवून हेडच्या शेजारचा लहान स्क्रू अगदी हळू, पाव फेऱ्याहूनही कमी फिरवावा आणि बारीक, तीक्ष्ण आवाजाकडे लक्ष द्यावे. आत्याच्या कॅसेटमध्ये मी बांगड्यांवर कान ठेवला होता. एका ठिकाणी त्या इतक्या स्पष्ट झाल्या की ती दमल्यावर खुंटा दुसऱ्या हातात घेते, तेही ऐकू येऊ लागले.

टेपरेकॉर्डर संगणकाला तारेनेच जोडावा, मायक्रोफोन समोर ठेवून ध्वनी घेऊ नये. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असला, तरी तारेने घेतलेल्या ध्वनीत त्याचा खडखडाट शिरत नाही. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. ऑडॅसिटीसारख्या मोफत आज्ञावलीत ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे, म्हणजे नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) ठरवून, सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या, म्हणजे नोंदवता येणाऱ्या कमाल पातळीच्या, साधारण ६ डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवावी. शून्यावर आपटून कापला गेलेला आवाज फ्लॅकही तितक्याच प्रामाणिकपणे कापलेलाच जतन करतो.

निर्यात करताना फ्लॅक निवडल्यावर बिटची संख्या २४ ठेवावी. त्याच ठिकाणी फाइल किती दाबायची याची ० ते ८ अशी पातळी विचारली जाते आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. या आकड्याचा आवाजाच्या दर्जाशी काहीही संबंध नाही. ८ ला संगणक जास्त वेळ घेऊन थोडी लहान फाइल करतो, एवढेच. नेहमीची ५ ही पातळी पुरेशी आहे.

फाइल लहान कशी होते, हे एकदा समजून घ्यावे. फ्लॅक ध्वनीचे छोटे तुकडे पाडतो. ४०९६ नमुन्यांचा तुकडा ४८ किलोहर्ट्झला सेकंदाच्या साधारण बाराव्या भागाएवढा असतो. प्रत्येक तुकड्यात मागील नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधला जातो. समजा १००, ११०, १२० असे नमुने आले, तर पुढचा १३० असेल असा अंदाज होतो. प्रत्यक्षात तो १३२ निघाला, तर केवळ २ हा फरक लिहिला जातो, आणि लहान फरक राइस या अंक थोडक्यात लिहिण्याच्या पद्धतीने थोड्या बिटांत मावतात. कॅसेटच्या खरखरीचा अंदाज मात्र बांधता येत नाही, म्हणून जुन्या कॅसेटची फाइल अपेक्षेपेक्षा मोठी राहते. तासाभराचा स्टिरिओ ध्वनी दाबण्यापूर्वी सुमारे १०३७ मेगाबाइट भरतो. तो निम्मा झाला नाही, म्हणून काही चुकले असे समजू नये. फाइल लहान व्हावी म्हणून मूळ प्रतीतील खरखर काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सफाई नेहमी वेगळ्या प्रतीवर करावी, कारण दहा वर्षांनी सफाईची साधने आजच्याहून चांगली असतील आणि त्यांना काम करायला अस्सल आवाज लागेल.

फ्लॅक फाइलीच्या आरंभी मूळ ध्वनीचा एमडीफाइव्ह हा ठसा नोंदवण्याची सोय आहे. फ्लॅकच्या मूळ आज्ञावलीतील ‘टेस्ट’ हा पर्याय संपूर्ण फाइल उलगडून हा ठसा जुळतो का ते सांगतो. फाइल तयार होताच, आणि पुढे दरवर्षी एकदा, ही तपासणी करावी. काही आज्ञावली ठशाची जागा रिकामी सोडतात. तसे आढळल्यास मूळ आज्ञावलीने फाइल पुन्हा दाबून घ्यावी. ठसा बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही, म्हणून दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि शक्य असल्यास तिसरी प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवावी.

फाइलीतील माहितीचे रकाने युनिकोडमध्ये असल्याने देवनागरी, कन्नड, तेलुगू या तिन्ही लिपी त्यांत चालतात. गाणाऱ्याचे नाव, गाव, अंदाजे साल आणि कॅसेटच्या कागदावर हाताने लिहिलेला मजकूर जसा आहे तसा तेथे उतरवावा. हे काम त्या आवाजाला ओळखणारी माणसे हयात असतानाच करावे. आमच्या एका कॅसेटवरील दुसरी बाई कोण, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

नातेवाइकांना मोबाइलवर पाठवण्यासाठी फ्लॅकवरून एमपीथ्री खुशाल करावी. एमपीथ्रीवरून फ्लॅक मात्र करू नये; फाइल फुगते आणि गेलेले काही परत येत नाही. मूळ कॅसेट टाकून न देता पूर्णपणे मागे गुंडाळून, उभी, सावलीतील कपाटात ठेवावी. पत्र्याखालच्या माळ्यावर तर ती कधीच ठेवू नये, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि तेथे फीत टिकत नाही.