माळ्यावर सापडलेली डबलबारीची कॅसेट: पहिल्याच फेरीत आवाज असा उतरवा

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा समोरासमोरचा सामना. काशीराम परब, परशुराम पांचाळ यांच्यासारख्या बुवांची जत्रेतली बारी कोकणात घरोघरी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली जायची. अशी कॅसेट हाती आली की आधी वाजवून बघावीशी वाटते. तेच करू नका. खराब फितीला कधीकधी एकच फेरी झेपते, म्हणून त्या फेरीला रेकॉर्डिंग चालू असायलाच हवं.

सगळ्यात आधी वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडा, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. मग खिडकीतून फितीची गुंडाळी बघा. कडेवर पांढुरकी पूड दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, नाहीतर बुरशी हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, बसून पुढच्या कॅसेटींनाही लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली मात्र नको, फीत वाकडी होते. कोरडी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने पूड झाडा. हे काम पावसाळ्यात काढूच नये.

चौकट वाकली असेल तर पाच स्क्रू काढून दोन्ही गुंडाळ्या नव्या चौकटीत बसवा. कॅसेट आडवी ठेवूनच उघडा, उभी धरली तर फीत सुटून जाळं होतं. हेडसमोरचा नमद्याचा छोटा तुकडाही तपासा. जुना गोंद सुकून तो गळतो आणि आवाज दबका येतो. तुटलेली फीत स्प्लायसिंग टेपनेच जोडा, तीही हेडला न घासणाऱ्या बाजूने. सेलोटेपचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटवतो.

षटकोनी पेन्सिलीने चक्र फिरवून बघा. सहज फिरलं तरच पुढे जा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डॉल्बी (डेकवरची खरखर कमी करण्याची सोय) बंद ठेवा आणि लाइन-आउटमधून ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या यंत्राला, वायर जोडा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. स्टिरिओत तासाला साधारण २ जीबी जागा लागते. लेव्हल अभंगावर लावू नका. गजरात पखवाजाची थाप आणि झांज एकदम चढते, तिथे आवाज फाटला तर तो परत येत नाही. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढी लेव्हल ठेवा. हेडशेजारचा अ‍ॅझिमथचा (हेडचा फितीशी असलेला कोन बदलणारा) स्क्रू अगदी किंचित फिरवत, झांज सर्वांत खणखणीत ऐकू येते तिथे थांबा. त्याआधी स्क्रूची मूळ जागा खूण करून ठेवा. हा सराव दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर आधी करून घ्या. फीत किंचाळली तर लगेच थांबवा.

बुवांचा आवाज बारीक आणि लय घाईची वाटली तर रेकॉर्डिंगच्या वेळी सेल उतरलेले होते असं समजा: तेव्हा फीत हळू फिरली, आता ती नेहमीच्या वेगाने फिरते. अशा वेळी पेटीचा स्वर कामाला येतो. बुवा काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत) गात असल्याचं जाणकारांकडून कळलं, तर आपल्या पेटीवर काळी चार दाबून संगणकावर वेग जुळवा, पण प्रतीवर. मूळ फाइलमधली खरखर, माइकवरची घोषणा, ‘वन्स मोअर’, यातलं काहीही पुसू नका. गाव, मंडळ, समोरचे बुवा हे सगळं घोषणेतूनच कळतं. लेबलवरच्या तारखेवर विसंबू नका, कॅसेटी पुन्हा पुन्हा भरल्या जायच्या. बाजूंचा क्रम लागत नसेल तर रूपाचा अभंग (देवाच्या रूपाचं वर्णन करणारा) आधी, गौळण नंतर, एवढं धरून लावा.

तीन प्रती करा. एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे, खाऱ्या हवेपासून लांब. कलाकाराचे हक्क भारतात सादरीकरणानंतर ५० वर्षं टिकतात, तेव्हा यूट्यूबवर चढवण्याआधी दोन्ही बुवांच्या घरी जा, त्यांना ऐकवा आणि परवानगी लेखी घ्या.