अलास्कात गळ टाकण्याआधी

जुलैत अलास्काच्या केनाई नदीवर सॉकाय सॅल्मन (सॅल्मन माशाची एक जात) धरायला जाणार असाल, तर छापील नियमपुस्तिकेवर विसंबू नका. नदीत किती मासे चढतात याची मोजणी रोज होते आणि त्यावरून राज्याचा मत्स्य व वन्यजीव विभाग भर हंगामात तातडीचे आदेश काढतो. दिवसाला किती मासे ठेवता येतील याची मर्यादा वाढते, कमी होते, कधी नदीचा एखादा पट्टाच बंद होतो. निघण्याच्या दिवशी सकाळी विभागाच्या संकेतस्थळावर आदेश बघायचाच.

बाहेरच्या राज्यातून किंवा देशातून आलेल्या १६ वर्षांच्या आणि त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. किंग सॅल्मन या दुसऱ्या जातीसाठी परवान्यावर वेगळा शिक्का. दांड्याच्या मोठ्या जाळ्याने भराभर मासे काढणारे स्थानिक दिसतील. मोह आवरा, ती सवलत फक्त अलास्कावासीयांना आहे. सॉकाय आमिषाला फारसा भुलत नाही, त्यामुळे गळ बरेचदा तोंडाऐवजी बाहेरून पाठीला नाहीतर पोटाला अडकतो. गोड्या पाण्यात असा मासा लगेच सोडावा लागतो, कितीही मोठा असला तरी!

अलास्कातल्याच होमर या किनाऱ्यावरच्या गावी हॅलिबट या तळाशी राहणाऱ्या चपट्या माशासाठी समुद्रात जाणार असाल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक जवळ ठेवा. तिथे पाण्याचा चढउतार कधीकधी ६ मीटरच्या वर जातो. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं तेव्हाच गळाच्या दोरीचं वजन तळाला नीट टिकतं.