जपानी आणि पेरानाकान, म्हणजे मलाक्का-सिंगापूरकडच्या चिनी-मलय घराण्यांच्या, उपाहारगृहांत कसे जेवावे : इंदूरकरांसाठी

इंदूरच्या सराफ्यात रात्री खायला निघालेला माणूस एकाच दुकानावर उभा राहून सगळे काही मागत नाही. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली, की त्यांच्यापुढे खाण्याची दुकाने लागतात. एकीकडे भुट्ट्याचा कीस, दुसरीकडे दहीवडा, थंडीच्या दिवसांत तिसरीकडे तळलेला गराडू आणि शेवटी रबडी किंवा जिलेबी, असा त्याचा क्रम मनाशी ठरलेला असतो. गराडूवाल्याकडे दहीवडा मागितला, तर तो पलीकडच्या दुकानाकडे बोट दाखवतो आणि त्यात कोणाचाच अपमान होत नाही. जपानमध्ये जेवायला जाताना हीच सवय उपयोगी पडते. पण मुलांकडे किंवा भाच्यांकडे परदेशी निघालेली आपली मंडळी नेमकी तीच घरी ठेवून जातात आणि तेथल्या उपाहारगृहात शिरून आपल्याकडच्या हॉटेलासारखे वीस पानांचे मेन्यूकार्ड शोधू लागतात.

जपानी भाषेत 'या' म्हणजे दुकान. सुशी करणारी ती सुशीया, सोबाच्या शेवया करणारी ती सोबाया, टेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेले मासे-भाज्या, देणारी ती टेम्पुराया, आणि ईल मासा भाजणारी ती उनागीया. याशिवाय रामेनची, म्हणजे सारातल्या गव्हाच्या शेवयांची, डुकराच्या कटलेटची म्हणजे तोनकात्सूची, काडीला टोचून भाजलेल्या कोंबडीची म्हणजे याकितोरीची अशी वेगवेगळी घरे, म्हणजे उपाहारगृहे, असतात. सुशी, टेम्पुरा आणि सोबा हे तर एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर वाढलेले पदार्थ असल्यामुळे सराफ्याशी त्यांचे नाते मी ओढूनताणून जोडतो आहे असे नाही. म्हणून कोठे जायचे हे ठरवण्याआधी काय खायचे हे ठरवावे. चौघांना चार वेगवेगळ्या वस्तू हव्या असतील, तर इझाकाया नावाच्या ठिकाणी जावे, कारण तेथे मद्याबरोबर नाना तऱ्हेच्या लहान बशा मिळतात. मात्र तेथे बसताच न मागता एक छोटी बशी पुढे येते, तिला ओतोशी म्हणतात आणि तिचे पैसे बिलात लागतात. ही फसवणूक नव्हे, बसण्याचे भाडे समजावे आणि वाद घालू नये.

दारावर लटकणारा आखूड कापडी पडदा, म्हणजे नोरेन, बाहेर असेल तर दुकान उघडे आहे असे समजावे. पुष्कळ ठिकाणी काचेमागे पदार्थांच्या हुबेहूब प्लॅस्टिकच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात. भाषा येत नसेल तर वाढणाऱ्याला बाहेर बोलावून बोट दाखवण्यात काहीच कमीपणा नाही. रामेनच्या दुकानांत बहुधा दाराशीच यंत्र असते, त्यात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची आणि ती आत द्यायची. खर्चाचा विचार असेल, तर महागड्या घरी दुपारी जावे, कारण त्याच स्वयंपाकघरातले तेइशोकू नावाचे ठरलेले ताट दुपारी बरेच स्वस्त पडते. दुपारी दोन-अडीचनंतर मात्र अनेक घरे संध्याकाळपर्यंत बंद होतात, आणि रात्रीही बंद होण्याच्या आधीच शेवटची ऑर्डर घेऊन चूल आवरतात.

आता सोबाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते आपल्या माणसाने जपानी जेवणाची सुरुवात येथूनच करावी. सोबा म्हणजे कुट्टू. नवरात्रात आपल्याकडे ज्या पिठाच्या पुऱ्या आणि पकोडे होतात, त्याच पिठाच्या या शेवया असतात. उपवासाला मात्र त्या चालणार नाहीत, कारण बहुतेक घरी आठ भाग कुट्टूला दोन भाग गव्हाचे पीठ मिसळतात. थंड सोबा मागितला, तर बांबूच्या चटईवर करड्या, किंचित खरखरीत शेवया येतात आणि शेजारी एका छोट्या पेल्यात सोयाचा गडद सार येतो. शेवयांचा झुबका जेवणाच्या काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, उचलून त्याचे फक्त खालचे टोक सारात बुडवावे आणि सुर्रकन आवाज करीत ओढून घ्यावे. आपल्या घरी या आवाजाबद्दल लहानपणी धपाटा मिळाला असेल, पण येथे तो शिष्टसंमत आहे. शिवाय आवाजाबरोबर हवा आत जाते आणि कुट्टूचा वास नाकाशी पोचतो, तो हळूच चावून खाल्ल्यास पोचत नाही. शेवया संपत आल्या, की वाढणारी बाई लाखेच्या चौकोनी भांड्यात पांढुरके, दाटसर गरम पाणी आणून ठेवते. ते हात धुण्याचे नव्हे. शेवया उकडल्याचे ते पाणी, म्हणजे सोबायू, उरलेल्या सारात ओतून घोटघोट प्यायचे असते. भाताची पेज ज्यांनी प्यायली आहे, त्यांना ते समजावून सांगावे लागत नाही.

सुशीच्या घरी ओट्यापाशी जागा मिळाली तर ती सोडू नये. 'ओमाकासे' म्हटले, म्हणजे निवड कारागिरावर सोपवली. अशा ठिकाणी आधी जागा राखून ठेवावी लागते आणि ऐन वेळी रद्द केल्यास पैसे द्यावे लागतात. त्या दिवशी अत्तर लावू नये, कारण शेजाऱ्याला माशाऐवजी तुमचा मोगरा खावा लागतो. भातावर मासा ठेवलेली सुशी हाताने उचलली तरी चालते. ती उलटी करून माशाची बाजू सोयासॉसला टेकवावी. भाताची बाजू बुडवली तर भात सॉस शोषतो आणि विस्कटतो. वासाबी, म्हणजे झणझणीत हिरवा लगदा, बहुधा मासा आणि भात यांच्यामध्ये आधीच घातलेला असतो, तेव्हा वरून आणखी थापू नये. गुलाबी आले तोंडी लावण्याचे नसून दोन सुश्यांच्या मधे जीभ साफ करण्याचे आहे. ईलच्या घरी मागणी दिल्यावर कापून, भाजून, टोकियोकडच्या पद्धतीने वाफवून मासा येईपर्यंत अर्धा तास सहज जातो, आणि वाट पाहायला लागणे हे तेथे चांगल्या घराचे लक्षण मानले जाते. तोनकात्सूच्या घरी तिळाची छोटी कुंडी पुढे आली, तर तीळ स्वतः कुटून त्यावर सॉस ओतावा. कोबी बहुतेक ठिकाणी पुन्हा मागता येतो.

शाकाहारी माणसाने पुढचा भाग नीट वाचावा. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाच्या सारावर उभा असतो, आणि तो सार बहुतेक वेळा कोम्बू या समुद्री वनस्पतीबरोबर कात्सुओबुशी, म्हणजे धुरावर वाळवून लाकडासारखा कडक केलेला बोनिटो मासा, यांपासून काढतात. पहिल्या खेपेस टोकियोत मावशीसाठी मी निर्धास्तपणे तळलेला तोफू मागवला. बशी आली, तेव्हा गरम तोफूवर कागदाहून पातळ, बदामी रंगाच्या पापुद्र्यांचा ढीग वाफेने डुलत होता. मावशीने चष्मा सारखा केला, वाकून पाहिले आणि विचारले, "अरे, हे जिवंत आहे का?" जिवंत नव्हते, पण मासाच होता, आणि खालचा सारही त्याच माशाचा होता. दोष त्या उपाहारगृहाचा नव्हता, मी 'मांस नको' एवढेच सांगितले होते. जपानीत 'निकू' म्हटले म्हणजे पशूचे मांस, मासे त्यात येत नाहीत. तेव्हा मांस, मासे आणि माशाचा दाशी यांपैकी काहीही खात नाही, असे तीन शब्द वेगवेगळे लिहिलेली जपानी चिठ्ठी कोणाकडून तरी करून घ्यावी आणि बसण्यापूर्वी दाखवावी. बसल्यावर दाखवली, तर त्या बिचाऱ्यांची पंचाईत होते. वर ज्या सोबाची मी एवढी स्तुती केली, त्याच्या सारातही हा मासा असतो, हे येथेच सांगून टाकतो. काकडीची सुशी, म्हणजे काप्पामाकी, बहुतेक ठिकाणी मिळते. पोटभर आणि निःशंक जेवायचे असेल, तर बौद्ध मठांच्या परंपरेतले शोजिन र्‍योरी शोधावे. कोयासान पर्वतावरच्या मठांत मुक्काम केला, तर ते तेथेच वाढतात, आणि त्यातला दाशी कोम्बू व वाळवलेल्या अळंब्यांचा असतो.

काड्यांचे नियम पुष्कळ आहेत, पण दोन मोडले तर समोरच्याचा घास खरोखर अडतो. भातात काड्या उभ्या रोवू नयेत, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात त्या तशा रोवतात. आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी याच रीतीने एकमेकांकडे दिल्या जातात. बक्षिशी ठेवू नये. ठेवलेले पैसे विसरले समजून वाढणारा रस्त्यापर्यंत मागे धावत येण्याची शक्यता असते.

पेरानाकान घरी हे सगळे उलटे होते. तेथे एकच पदार्थ मागवून एकट्याने खाणे म्हणजे पंगतीत बसून फक्त कोशिंबीर खाऊन उठण्यासारखे आहे. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूर या बंदरांत चिनी व्यापारी स्थायिक झाले, स्थानिक स्त्रियांशी संसार मांडले, आणि त्या घरांतून जी पिढी वाढली ती पेरानाकान, म्हणजे 'तेथे जन्मलेली'. पुरुष बाबा आणि स्त्रिया न्योन्या. मलाक्कात तमिळ व्यापाऱ्यांच्या वंशातले चिट्टीही आहेत, जे घरी मलय बोलतात आणि देव हिंदू पूजतात. होळकरांच्या काळात माळव्यात येऊन पोह्यांवर शेव आणि जीरावन घालू लागलेल्या आपल्या घराण्यांना हा मामला परका वाटू नये.

या जेवणाचा मूळ भाग रेम्पा, म्हणजे वाटण. लहान कांदे, मिरच्या, हळद, गवती चहाचा कांदा, गलांगल नावाचा आल्यासारखा कंद, कँडलनट नावाचे तेलकट बी आणि बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, हे दगडी खलात कुटून मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परततात. त्या क्षणाला मलयमध्ये 'पेचा मिन्याक', म्हणजे तेल फुटले, असे म्हणतात. प्रमाण विचारले तर जुन्या न्योन्या 'आगाक-आगाक' असे उत्तर देतात, ज्याचा तंतोतंत मराठी अर्थ 'अंदाजे' असा आहे आणि तो ऐकून माझ्या मावशीला प्रथमच परदेशात आपले माणूस भेटल्यासारखे वाटले.

चौघे असतील तर मधे पांढरा भात, एक रश्श्याचा पदार्थ, एक भाजी, एक आंबट किंवा तिखट वस्तू आणि आचार असे मागवावे. आचार म्हणजे आपलाच अचार, शब्दही तोच. सुरुवातीला कुए पाई ती घ्यावी. कुरकुरीत छोट्या वाट्यांत शिजवलेला कंद भरलेला असतो आणि ती एका घासात संपवायची असते, नाहीतर रस झिरपून वाटी लिबलिबीत होते. मांसाहारी माणसाने आयाम बुआ केलुआक एकदा तरी मागवावे. केलुआक हे काळ्या, कठीण कवचाचे बी कच्चे असताना विषारी असते, त्यात सायनाइड असते. ते उकडून, राख आणि मातीत कित्येक आठवडे पुरून, मग पुन्हा भिजवून निर्विष करतात. चिंचेच्या आंबटसर रश्श्यात कोंबडीबरोबर ही बिये येतात, त्यांच्या तोंडाशी भोक पाडलेले असते. लहान चमच्याने आतला काळा गर कोरून काढावा आणि भातात कालवावा. चव प्रत्येक जण वेगळी सांगतो. मला कारळ्याच्या चटणीतला तो कडसर, तेलकट खमंगपणा आठवला. हा गर पुष्कळ घरी डुकराच्या खिम्यात मिसळून पुन्हा बियांत भरतात, आणि रेंडांग, म्हणजे रस्सा आटवून केलेले मसालेदार कालवण, बहुधा गोमांसाचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी आधी विचारून घ्यावे. सिंगापूर आणि मलेशियात इंग्रजीत निःसंकोच विचारता येते, आणि हलाल पेरानाकान घरेही आहेत.

शाकाहाऱ्याची अडचण येथे दाशीऐवजी बेलाचानची आहे. ते आंबवलेल्या कोळंबीचे घट्ट, उग्र वासाचे लगदे असतात आणि वाटणातच मिसळलेले असल्यामुळे वेचून काढता येत नाहीत. चाप चाय ही कोबी-अळंब्यांची भाजी दिसायला निरुपद्रवी, पण तिच्यातही वाळवलेली कोळंबी असू शकते. म्हणून 'भाजी आहे का' असे न विचारता 'बेलाचान आणि वाळवलेली कोळंबी यांशिवाय काय करून द्याल' असे विचारावे, आणि शक्य तर आदल्या दिवशी फोनवर विचारावे, कारण वाटण सकाळीच झालेले असते.

सिंगापूरच्या मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसली, तर दहा टक्के सेवाशुल्क आणि वर नऊ टक्के कर निराळा लागेल असे समजावे. शंभराचे जेवण जवळजवळ एकशे वीसचे होते. बक्षिशीची गरज नाही. साध्या घरी जायचे तर काटोंग आणि जू चियाट हा भाग पाहावा. थाटाने जायचे तर कँडलनट याच नावाचे उपाहारगृह आहे, ज्याला 2016 मध्ये मिशेलिन या उपाहारगृहांना दर्जा देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाला आणि असा मान मिळवणारे ते पहिले पेरानाकान उपाहारगृह ठरले.

शेवटी ओंदे-ओंदे मागवावेत. हिरवट, लिंबाएवढे गोळे खोबऱ्याच्या किसात घोळलेले असतात, आत ताडगुळाचा पाक असतो आणि उकडीच्या मोदकाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. मोदकासारखा अर्धा चावून आत काय आहे ते पाहायला मात्र जाऊ नये. गोळा अख्खा तोंडात टाकावा, ओठ घट्ट मिटावेत आणि मगच दात लावावा, कारण पाक पातळ असतो आणि समोर बसलेल्याचा सदरा बहुधा पांढरा असतो.